शंभर टक्के वाचणारी शाळा

१४ जुलै २०२५, सोमवार

रीनाचे बाबा,

आधी मी "प्रति" लिहिलं, खाली तुमचं पूर्ण नाव, हुद्दा, शाळा, मुक्काम चिखला, तालुका तुमसर. मग "विषय" लिहिला आणि तिथंच अडकले. विषय काय टाकावा ते सुचेना. तो कागद फाडला. सात वर्षं मुख्याध्यापिका आहे, हाताला तेच वळण पडलंय.

फोन सोडून पत्र काहून, असं तुम्ही म्हणाल. फोनवर माझा आवाज शाळेचा होतो, असं आपली रीना म्हणते. मागच्या महिन्यात मी नुसतं "जेवले का" विचारलं तर तुम्ही "हो मॅडम" म्हणालात. त्या मॅडमनं मला आठ दिवस जेवण गेलं नाही. कागदावर निदान तुम्हाला आवाज ऐकू येणार नाही.

आज शकुनबाई शाळेत आली होती. तलावाच्या पाळीखाली घर आहे ती, धनेश्वरीची आई. तिनं औषधाची रिकामी बाटली माझ्या टेबलावर ठेवली. धानाच्या रोवणीसाठी टाकलेल्या पऱ्ह्यांत गवत फार झालं म्हणून तिनं तणनाशक आणलं, आणि बाटलीवर काय लिहिलंय ते पोरीला वाचायला सांगितलं. पोरीनं ओळींवरून बोट फिरवत धडाधडा सांगितलं, पाणी एवढं, औषध एवढं. बाईनं तसंच मारलं. चौथ्या दिवशी सगळे पऱ्हे पिवळे पडून खाली बसले. बाटलीवर ठळक छापलं होतं की रोपांवर मारू नये, रोवणी झाल्यावरच वापरावे. धनेश्वरीनं ते वाचलंच नव्हतं. तिनं काहीच वाचलं नव्हतं. मागच्या साली तिच्या मामानं दुसऱ्या बाटलीवरचं मोठ्यानं वाचलं होतं, ते ध्यानात राहिलेलं तिनं म्हणून दाखवलं.

शकुनबाई ओरडली असती तर मला सोपं गेलं असतं. ती म्हणाली, "मॅडम, तिच्या पुस्तकावर तुमीच लिवून देल्लं, वाचता येते म्हनून. मंग मी कोनाले पुसू?"

धनेश्वरी आता सहावीत आहे. वाचता येत नाही असं तुम्ही लिहिलेल्या त्या अकरांतली. मी काय सांगत होतो, असं तुमच्या मनात आलं असेल तर येऊ द्या.

पऱ्ह्यांचं भागलं. आपल्या बांधीत रोवून उरलेले होते ते मी तिला दिले, बाकीचे शेजाऱ्यांनी दिले. त्यामुळे तो विषय संपला असं मी धरून चालले आहे.

दुसरं असं की येत्या मे महिन्यात तुम्हाला तिथं तीन वर्षं पुरी होतात. म्हणजे पुढच्या बदल्यांत पती-पत्नी एकत्रीकरणाचा फॉर्म तुम्हाला भरता येतो. माहितीसाठी कळवलं.

कामिनी


३ ऑगस्ट, रविवार

रीनाचे बाबा,

माहितीसाठी नाही कळवलं. या असं लिहायचं होतं.

तुमचं उत्तर आलं नाही, म्हणून त्या फेब्रुवारीचं मीच लिहून राहिले. नाही तर ते आपल्या दोघांत तसंच पडून राहील. वाचनाची माहिती वर पाठवायची होती. तुम्ही तिसरी-चौथीच्या एकेका पोराला जवळ बसवून तपासलं आणि अकरा नावांपुढं "नाही" लिहून माझ्याकडे आणलं. केंद्रातल्या साऱ्या शाळा शंभर टक्क्यांवर होत्या. केंद्रप्रमुखांचे दिवसातून तीन फोन येत होते, तुमचीच शाळा मागे राहिली मॅडम म्हणून. मी ते अकरा "नाही" खोडून "होय" केलं. तुम्ही सही करत नव्हते. मग मी तुम्हाला कारणे दाखवा नोटीस दिली.

घरी देता आली असती. सकाळी चहा तर एकाच ओट्याजवळ पीत होतो आपण. पण मी ती जावक क्रमांक टाकून, वर्गात येऊन, पोरांसमोर दिली, म्हणजे नवऱ्याची बाजू घेते असं गावात कोणी म्हणू नये. नियम सगळ्यांना सारखा, असा मला तेव्हा मोठा अभिमान होता. तुम्ही दुपारपर्यंत दोन ओळींचं उत्तर लिहून आणलं आणि पोच म्हणून शिक्का मागितला. मी शिक्का मारला. रात्रीच्या जेवणात वांग्याची भाजी होती, तुम्ही चांगली झाली म्हणालात. मला वाटलं, मिटलं.

मे महिन्यात यादी लागली तेव्हा कळलं की तुम्ही एकत्रीकरणाचा रकाना कोरा ठेवून जिल्ह्याचं पार दुसरं टोक मागून घेतलं. कार्यमुक्तीच्या आदेशावर सही मुख्याध्यापकाची लागते. ती मीच केली. पेन चालत नव्हतं, दोनदा गिरवावं लागलं. हे मी आजवर रीनालाही सांगितलं नाही.

परवा धनेश्वरीला ऑफिसात बोलावून दुसरीचं पुस्तक दिलं. तिनं चित्र पाहिलं आणि चित्रातल्या बकरीची अशी झकास गोष्ट सांगितली की मी ऐकतच राहिले. पुस्तकात ती गोष्ट नव्हतीच. पाच वर्षं या पोरीनं आम्हा साऱ्यांना असं फिरवलंय. एवढं डोकं आहे तिला, आणि आम्ही तिला अक्षर देऊ शकलो नाही. मी पुस्तक मिटलं तर तिनं हळूच विचारलं, "मॅडम, मायले सांगान का?"

मी नाही म्हटलं. मग खुर्चीत बसून राहिले. तुमची फार आठवण आली. कामासाठी नाही, तशीच आली.

कामिनी


२१ सप्टेंबर, रविवार

रीनाचे बाबा,

नऊ दिवस व्हरांड्यात चटई टाकून बसले. तिसरीपासून सातवीपर्यंतची त्र्याऐंशी पोरं एकेक करून जवळ घेतली, एक लहान उतारा वाचायला दिला. एकतीस जणांना येत नाही. फाटकाशेजारच्या भिंतीवर आपण फलक रंगवून घेतला आहे ना, शंभर टक्के वाचणारी शाळा. त्याच्याखालून ही एकतीस पोरं रोज आत येतात.

तुमच्या जागी आलेल्या विनोद सरांचा वर्ग सगळ्यांत कच्चा निघाला. मी तावातावात त्यांच्या वर्गात गेले. नोटिशीचा मजकूर डोक्यात तयारच होता, तुम्हाला माहीत आहे माझं. ते फळ्यावर धडा लिहून साऱ्यांकडून एका सुरात म्हणवून घेत होते. ओरडायला जागा मिळेना म्हणून मागच्या बाकावर बसले आणि तास संपेपर्यंत बसून राहिले. तेव्हा लक्षात आलं की सात वर्षांत मी कोणत्याच वर्गात दहा मिनिटांवर बसलेली नाही. कधी फोटो पाठवायचे, कधी तक्ते, कधी ताबडतोब माहिती द्या. मी ऑफिस चालवत होते आणि तेच शाळा चालवणं समजत होते.

तास संपल्यावर विनोद सरांना विचारलं की तुम्हाला माझ्याकडून काय पाहिजे. ते आधी घाबरले. मग म्हणाले, "मॅडम, पाठ कसा घ्यायचा ते शिकवलं आम्हाला. ज्याले अक्षरच येत नाही त्याचं काय करायचं, ते कोणी सांगितलं नाही. विचारलं असतं तर तुम्ही लिहून मागितलं असतं."

खरं बोलले ते. मी लिहूनच मागितलं असतं.

आता सकाळचा पहिला दीड तास ऑफिसला कुलूप असतं आणि माझा फोन कपाटात. पोरं वर्गाप्रमाणे बसत नाहीत, ज्याला जेवढं येतं त्याप्रमाणे बसतात, आणि चारही शिक्षक एकेक गट घेतात. सगळ्यांत मागचा गट मी घेतला, चौदा पोरं. बाकीच्या शिक्षकांनी एकमेकांकडे पाहिलं. मॅडमला जमते का, असं असावं त्यांच्या मनात. मलाही तेच वाटत होतं, कारण पहिले चार दिवस काही जमलं नाही.

मग तुमची रीत आठवली. पोरं बोलतील ते फळ्यावर लिहायचं आणि त्यांचंच बोलणं त्यांना वाचायला द्यायचं. मी तेव्हा तुम्हाला अडवलं होतं, भाषा अशुद्ध लिहिता म्हणून. आता मीच लिहिते, मासोऱ्या काय, रोवना काय, पोरं बोलतील ते. धनेश्वरी तीन दिवस काही सांगेना. चौथ्या दिवशी तिनं एक वाक्य सांगितलं. मी लिहिलं. तिनं बोट ठेवून अक्षर अक्षर लावलं, दोनदा चुकली, परत सुरुवातीपासून आली आणि वाचलं, "माह्याकून पऱ्हे जरले."

शकुनबाईचे जळालेले ते पऱ्हे. तिनं आयुष्यात पहिल्यांदा खरं वाचलं ते हे वाक्य. मला रडू आलं आणि मी ते लपवलं नाही.

तुम्ही तिथं असायला हवे होते. मागच्या बाकावर, हात बांधून, नेहमीसारखे.

कामिनी


९ नोव्हेंबर, रविवार

रीनाचे बाबा,

दिवाळीला तुम्ही आलात, दोन दिवस राहिलात, पुढच्या खोलीत झोपलात. मी काय काय बोलायचं ते ठरवून ठेवलं होतं. प्रत्यक्षात तुम्हाला चिवडा आणखी देऊ का, एवढंच चारदा विचारलं. तुम्ही धान कापणीला कधी येते ते विचारलं. रीना आपल्या दोघांकडे पाहून उठून गेली. नागपूरला परत जाताना बसमध्ये बसली तेव्हा तिचे डोळे लाल होते. मी पाहिलं. तुम्हीही पाहिलं असेल.

आणि आता तुमचं पोस्टकार्ड आलं. अडीच वर्षांत पहिलं. वरचं तुमचं अक्षर पाहून मी दारातच उभी राहून वाचलं. पहिली ओळ, शकुनबाईच्या पोरीची प्रगती कळवावी. दुसरी ओळ, जे कागदावर केलं ते कागदावरच निस्तरावं लागतं. खाली सही, पूर्ण नाव, चंद्रकुमार आणि आडनाव. बायकोला कोणी आडनावासकट सही करते का हो?

मला असा राग आला की कार्ड पिठाच्या डब्याखाली घालून ठेवलं. धनेश्वरीची प्रगती तुम्हाला पाहिजे. माझं कसं चाललंय ते विचारावं वाटलं नाही. सकाळी उठून मी दोन कप चहा मांडते आणि मग एक परत ठेवते, अजूनही. हे तुम्हाला कोण कळवणार?

धनेश्वरी लहान गोष्ट वाचते, जोडाक्षराला अडते. एकतीसांतले बावीस उरले. झाली तुमची माहिती.

संध्याकाळी डब्याखालून कार्ड काढलं. तुमची दुसरी ओळ बरोबर आहे, म्हणून जास्त राग आला. पत्रातून मी तुमच्याजवळ कबूल करून राहिले, पण तुमच्या सेवापुस्तकात ती नोटीस तशीच लावलेली आहे आणि वर गेलेली माहितीही तशीच आहे. दुरुस्त करायची म्हणजे मी खोटं लिहिलं असं मलाच सहीनिशी लिहून द्यावं लागेल. मला भीती वाटते. मुख्याध्यापकपद जाईल, लोक हसतील, सगळं मनात येते. तुम्ही जवळ असते तर मी लगेच लिहिलं असतं. नाही, हे खोटं आहे. तुम्ही जवळ होते तेव्हा कुठं लिहिलं?

कामिनी


१८ जानेवारी २०२६, रविवार

रीनाचे बाबा,

लिहून दिलं. गटशिक्षणाधिकाऱ्यांच्या नावानं, की फेब्रुवारी २०२३ ची माहिती मी बदलली, सहशिक्षकांनी दिलेली यादी खरी होती, त्यांना दिलेली नोटीस मी मागे घेते आणि तशी नोंद सेवापुस्तकात व्हावी. सोबत एकतीसांची खरी यादी जोडली. आवक शिक्का मारलेली प्रत पाकिटात घातली आहे. सांभाळून ठेवा किंवा चुलीत घाला, ती तुमची आहे.

केंद्रप्रमुख दुसऱ्या दिवशी मोटारसायकलनं आले. खाली बसलेही नाहीत. अर्ज परत घ्या, सगळ्या केंद्राची लाज काढता काय, असं त्यांचं म्हणणं. मी एवढंच म्हटलं की सर, आत या आणि कोणतंही एक पोर निवडून त्याच्याकडून वाचून घ्या. ते आत आले नाहीत. आता बैठकीत बाकीचे मुख्याध्यापक माझ्या बाजूच्या खुर्चीत बसत नाहीत. मला लेखी सक्त ताकीद मिळाली. पद राहिलं.

त्यापेक्षा पालकसभा जड गेली. शाळा समितीचे अध्यक्ष टिकारामजी फलकावरून पेटलेले होते, त्यांच्याच हातानं त्याचं उद्घाटन झालं होतं ना. मी आकडा सांगितला तशी सभा गार पडली. टिकारामजी उभे राहून म्हणाले, "कोनाकोनाच्या पोराले येत नाही, नावं वाचा मॅडम. साऱ्या गावाले मालूम पडू द्या."

मी नावं वाचली नाहीत. म्हटलं, ज्याचं पोर त्यालाच सांगीन, एकेकाला, आणि चूक पोराची नाही, माझी आहे. शकुनबाई बायकांमध्ये बसली होती. ती उठून म्हणाली की माही पोरगी होती त्यात, आता रोज सांजच्याला मले वाचून दाखवते, मी सयपाक करता करता ऐकतो. तेवढं बोलून बसली. त्या एका बोलण्यानं सभा माझ्या बाजूला आली असं नाही, पण उठून कोणी गेलं नाही. आणि दर शनिवारी पोरांनी शाळेत येऊन आपल्या आईला वाचून दाखवायचं, हे बायकांनीच ठरवलं.

सभा संपल्यावर टिकारामजी मागे थांबले, टोपी हातात घेऊन. माह्या नातवाचं काय, असं विचारलं. त्यांचा नातू यादीत होता. मी सांगितलं. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंतीवरच्या फलकाला चुना लावलेला होता. कोणी लावला ते मी विचारलं नाही.

आता बारा उरले. मी मागे लागले नाही तरी विनोद सर त्यांच्या गटासाठी घरून चिठ्ठ्या करून आणतात, आणि काय अडलं ते मला येऊन विचारतात. लिहून नाही आणत.

फॉर्म एप्रिलमध्ये उघडतात म्हणे. यावेळी मी स्पष्ट लिहिते. या. मला तुमच्याशिवाय करमत नाही.

कामिनी


५ एप्रिल, रविवार

रीनाचे बाबा,

तुमचं पत्र परवा मिळालं. चार पानं. एवढं तुम्ही मला लग्नाआधीही लिहिलं नव्हतं. दोनदा वाचलं, मग बांधीकडे जाऊन आले, मग परत वाचलं.

तुम्ही फॉर्म भरणार नाही.

खाणीच्या वसाहतीतली तुमची एकोणीस पोरं, कोणाच्या घरी हिंदी, कोणाच्या घरी आणखी काही, आणि तुमच्या हाती दोन वर्षांपूर्वी आली ती कोरी पाटी. आता निम्मी वाचायला लागली आहेत. मी या वर्षी उठून गेलो तर उरलेल्यांचं तेच होईल जे आपल्या अकरांचं झालं, असं तुम्ही लिहिलं. आणि पुढं लिहिलं की आता राग राहिला नाही, पण आणखी एक वर्ष दे.

मुख्याध्यापिका म्हणून सांगते, तुमचं बरोबर आहे. माझ्या शाळेतला शिक्षक असा मधातच जायला निघाला असता तर मी त्याला हात धरून थांबवलं असतं. बायको म्हणून मला ते बरोबर वाटत नाही आणि वाटणारही नाही. मी रोज दिवस मोजून राहिली होती. जवळच्या अड्याळच्या शाळेत जागा रिकामी आहे, तेही पाहून ठेवलं होतं. माझ्या शाळेत या असं मी तुम्हाला सांगणारच नव्हते. मला तुम्ही घरी हवे होते, माझ्या हजेरीपटात नको. संध्याकाळी सायकल टेकवून आत येणारा माणूस पाहिजे होता.

रीनाला फोन केला, तुझे बाबा येत नाहीत म्हणून. मला वाटलं ती माझी बाजू घेईल. ती म्हणाली, "आई, ते तीन वर्षांत सहा वेळा आले. तू एकदा तरी गेली का?"

मी गेलेली नाही. चिखला कसं आहे, तुमच्या खोलीला खिडकी कोणीकडे आहे, तुम्ही स्वयंपाक करता की डबा लावला, मला काहीच माहीत नाही. शाळा सोडून कसं जाऊ, हेच माझं उत्तर होतं. मी एक दिवस नसले तर कुलूप कोण उघडेल, इथपर्यंत सारं माझ्याच हातात धरून ठेवलं होतं, आणि त्याला मी जबाबदारी म्हणत होते.

मागच्या महिन्यात तालुक्याला बैठक होती. परत यायला दुपार झाली. वाटलं, सकाळचा तास बुडाला असेल. आल्यावर पाहिलं तर झाला होता. विनोद सरांनी कुलूप उघडलं होतं, माझा गट धनेश्वरीच्या ताब्यात दिला होता. ती फळ्यावर लहान पोरांचं बोलणं लिहून त्यांच्याकडून वाचून घेत होती आणि एकाला माझ्यासारखंच दटावत होती. माझ्याविना अडलं नाही याचं आधी थोडं वाईटच वाटलं. घरी येईपर्यंत ते वाईट वाटणं गेलं होतं.

काल मी चार दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. कार्यभार विनोद सरांकडे. ते म्हणाले, मॅडम, एक महिन्यानं सुट्ट्याच लागतात, तेव्हा आरामात जा. मी म्हटलं, महिना फार होतो.

सोळा तारखेला, गुरुवारी, पहाटेच्या बसनं निघते. भंडाऱ्याला गाडी बदलून साडेअकरापर्यंत तुमसरला उतरीन. तुमचा वर्ग सुरू असेल तर बुडवू नका, मी स्टँडवर बसून राहीन, दोन वाजले तरी चालेल. तिथून पुढं कसं यायचं ते मला माहीत नाही.

घ्यायला या.

कामिनी